उतरलेल्या पाण्याकाठी

कोल्हापूरच्या माणसाची राधानगरीच्या जलाशयाशी असलेली ओळख बहुतेक वेळा आकड्यांची असते. जुलै निम्मा सरला की घरोघरी सकाळचा चहा राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी विचारून घेतला जातो. ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथल्या शाळकरी मुलांनाही सांगावे लागत नाही. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), स्वयंचलित दरवाजे सात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग, एवढे गणित तर कट्ट्यावर बसलेला कोणीही तोंडी करून दाखवतो आणि पाचवा दरवाजा उघडल्याची बातमी सरकारी यंत्रणेच्या आधी गल्लीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडते. एवढी जवळीक असूनही त्या पाण्याच्या काठी एखादी रात्र काढून आलेली माणसे माझ्या ओळखीत फार नाहीत. आम्ही नौकाविहाराला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर जातो, तंबूत झोपायला पवनेच्या काठी जातो आणि राधानगरीला मात्र पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्याखाली भिजून, रस्त्यावरचे कणीस खाऊन संध्याकाळच्या आत घरी परततो.

माझे माहेर रंकाळ्याजवळचे आणि सासर, राधानगरीचे पाणी जिच्यातून पंचगंगेला मिळते त्या भोगावतीच्या काठचे, त्यामुळे हे पाणी मला दोन घरांत दोन तऱ्हांनी भेटले. माहेरी ते नळाला येणारे किंवा न येणारे पाणी होते. काळम्मावाडी धरणावरून येणारी थेट पाइपलाइन २०२३ मध्ये शहरात पोहोचेपर्यंत आमची सारी भिस्त बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपसा केंद्रांवर होती. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरांत तीच केंद्रे पाण्याखाली गेल्याने, निम्म्या शहराला पुराने वेढलेले असताना आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होतो. सासरी आल्यावर कळले की तेच पाणी उसाचे असते आणि त्याची वाट नळाकडे पाहत नव्हे, तर कोणाच्या रानाला कधी पाणी ते सांगणाऱ्या पाळीपत्रकाकडे पाहत बघायची असते. मार्च-एप्रिलमध्ये पाटबंधारे खाते नदीवरच्या मोटारींना उपसाबंदी जाहीर करते तेव्हा माझे सासरे, ज्यांना घरातच नव्हे तर सगळ्या भावकीत आबा म्हणतात, ते अंगणातल्या अंगणात फेऱ्या घालू लागतात आणि त्या दिवसांत त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर बोलण्यात अर्थ नसतो.

अशा आबांना घेऊन आम्ही मे महिन्याच्या अखेरीस, राधानगरीहून दाजीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका हॉटेलात मुक्कामाला गेलो. काजवे दिसतील म्हणून नवऱ्याने तो हंगाम निवडला होता. आबांचा पहिला प्रश्न होता, "धरण बघायला मुक्काम कशाला पायजे? सकाळी गेलं, दुपारी माघारी." ते शेवटी तयार झाले ते काजव्यांसाठी नव्हे, तर धरणात शिल्लक किती आहे ते एकदा डोळ्यांनी बघावे म्हणून, हे त्यांनी गाडीत बसल्यावर मोकळेपणाने सांगून टाकले.

रंकाळा मागे पडल्यापासून हळदी, परिते आणि पुढे भोगावती साखर कारखान्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस असतो. आबा प्रत्येक रानाकडे बघून ही लागण आहे की खोडवा आहे, पाणी कितव्या दिवशी मिळाले असावे, हे सांगत होते. राधानगरी ओलांडल्यावर ऊस हळूहळू मागे हटतो, माती तांबडी होते, जांभा दगड उघडा पडू लागतो, आणि ऐन, जांभूळ, हिरडा अशी झाडे रस्त्यावर वाकू लागतात. आबांचे बोलणे तेथेच थांबले. ज्या रानात पाण्याची पाळी नाही, त्या रानाविषयी काय बोलावे असा त्यांचा चेहरा होता.

हॉटेल तसे नेटके होते. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, लांबलचक सोपा, म्हणजे ओसरी, आणि त्यात पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या वेताच्या खुर्च्या. स्वागतकक्षातल्या भिंतीवर काठोकाठ भरलेल्या जलाशयाचे, ड्रोनने काढलेले भलेमोठे छायाचित्र लावले होते, आणि त्याच्या शेजारच्या खिडकीतून प्रत्यक्ष जलाशय दिसत होता, तो त्या छायाचित्राच्या निम्मासुद्धा नव्हता. व्यवस्थापकाने किल्ल्या देतानाच दिलगिरी व्यक्त केली. "पाणी जरा खाली गेलंय, साहेब. जुलै-ऑगस्टला या, इथं पायरीपर्यंत येतंय." तळ्याच्या बाजूच्या खोल्यांना दर जास्त होता, डोंगराच्या बाजूच्या खोल्यांना कमी. तो फरक ऐकून आबा म्हणाले, "पाणीपट्टी आम्ही आधीच भरतोय की. आता बघायची पण पट्टी लावलीया व्हय?" व्यवस्थापक मनापासून हसला, पण दर कमी केला नाही.

त्याची दिलगिरी मला तेव्हाही पटली नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. डोंगरातल्या तळ्याकाठच्या हॉटेलात राहायचे तर ते तळे भरलेले असावे, ही आपली अपेक्षा नैसर्गिक सरोवरांवरून किंवा चित्रांवरून आलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आज जी मोठी तळी दिसतात ती जवळजवळ सगळी धरणांची आहेत, आणि धरणाचे पाणी वर्षभर एका रेषेवर उभे राहिले तर ते धरण आपले काम करीत नाही असाच त्याचा अर्थ होतो. ऑक्टोबरात भरलेला जलाशय मे अखेरीस रिकामा होतो तेव्हा ते पाणी वाया गेलेले नसते. ते खाली कोठेतरी पोहोचलेले असते. म्हणून माझे मत असे झाले आहे की राधानगरीसारख्या जलाशयाकाठी राहायचे असेल तर पाणी उतरलेले असतानाच राहावे. त्या दिवसांत दर कमी असतो, गर्दी कमी असते आणि तळे आपला हिशेब उघडा करून बसलेले असते.

तो हिशेब सोप्यात बसूनच वाचता येत होता. पाण्याच्या कडेपासून झाडोऱ्याच्या रेषेपर्यंत तांबड्या मातीचा उघडा उतार होता आणि त्यावर एकावर एक अशा आडव्या रेघा होत्या, पोरांची उंची नोंदवायला दाराच्या चौकटीवर ओढलेल्या असतात तशा. लाटांनी प्रत्येक पातळीवर काही दिवस थांबून माती कुरतडलेली असते, त्याच्या या खुणा. काही रेघांमधले अंतर वीतभर होते, काहींमधले चांगले हातभर. आबांनी चष्मा काढून, पुन्हा लावून, बराच वेळ तिकडे पाहिले आणि रुंद पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "ही आपली एप्रिलची पाळी." ते खरे होते की नाही ते सांगता येणार नाही, पण जेथे पाणी भराभर खाली गेले तेथे लाटांना रेघ ओढायला वेळ मिळाला नाही, हा त्यांचा तर्क बिनतोड होता.

हा जलाशय ज्याने आखला त्याला तो भरलेला पाहायला मिळाला नाही. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि दोनच वर्षांत त्यांच्यापुढे दुष्काळ उभा राहिला. त्या अनुभवातून पश्चिमेकडच्या डोंगरातला पाऊस अडवायचा विचार पक्का होत गेला आणि १९०८-०९ च्या सुमारास भोगावतीवर फेजिवडे येथे धरणाचे काम सुरू झाले. संस्थानाच्या तिजोरीच्या मानाने ते काम फार मोठे होते. भिंत काही उंचीपर्यंत चढली आणि १९१८ मध्ये पैशांअभावी थांबली. महाराज १९२२ मध्ये गेले. भिंत पुरी व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडावे लागले. गावाला नाव मिळाले राजकन्या राधाबाईंचे आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. पावसाळ्यात बातम्यांत गाजणारे ते सात दरवाजे मात्र कोणाच्याही हुकमाची वाट पाहत नाहीत. पातळी ३४७.५० फुटांना पोहोचली की समतोल वजनाच्या योजनेने पाणीच त्यांना उघडते आणि पातळी उतरली की ते मिटतात. त्यासाठी वीज लागत नाही, मध्यरात्री छत्री घेऊन कोणाला जावे लागत नाही. त्या काळच्या डोंगरात, जेथे धो धो पावसात माणूस पोहोचणेच कठीण, तेथे असा विचार करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

या धरणाची आणखी एक तऱ्हा अशी की ते आपले पाणी मोठ्या कालव्यांच्या जाळ्यातून फिरवीत नाही. ते पाणी सरळ नदीतच सोडले जाते आणि खाली तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी, कोगे असे करीत ओळीने असलेल्या बंधाऱ्यांनी ते टप्प्याटप्प्याने अडवले जाते. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे, खांबांना खाचा, आणि पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, सरकवायचे. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी आणि गाळ दोन्ही मोकळे वाहून जातात. एवढी साधी युक्ती, पण सगळ्या महाराष्ट्रात तिला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणूनच ओळखतात. त्या अडवलेल्या पाण्यातून मग मोटारी उपसतात, कोणाच्या स्वतःच्या, कोणाच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या, आणि पाणी दोन-तीन मैल चढून उसाच्या सरीत उतरते. मुंबई-पुण्याचा पाहुणा सोप्यातल्या त्याच खुर्चीत बसून जे पाणी बघतो ते त्याच्या दृष्टीने तेथेच असते. आबांना ते हलताना दिसत होते. त्यांच्या डोक्यात ते कधीच हळदीच्या बंधाऱ्याला पोहोचले होते.

दुपार कलल्यावर हॉटेलातला एक मुलगा आम्हांला उताराने खाली पाण्यापर्यंत घेऊन गेला. तो जवळच्याच वाडीतला होता आणि आबांना दुसऱ्याच वाक्यापासून आबा म्हणू लागला होता. वरून सपाट वाटणारी ती जमीन चालताना वेगळीच निघाली. झाडोऱ्याजवळची माती वाळून तिच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या, पायाखाली तिच्या पापड्या मोडत होत्या. आणखी खाली ती ओलसर आणि चिवट होती, आणि तिच्यावर सगळा दिवसभराचा दस्तऐवज उमटला होता: म्हशींचे रुंद खूर, बगळ्यांची तीन बोटे, कोणा मासे धरणाऱ्याच्या अनवाणी पावलांची येरझार. मधूनच गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे रिकामे जोड उघडे पडलेले होते, आतून मोतिया, बाहेरून शेवाळलेले. काही ठिकाणी झाडांचे काळे बुंधे उभे होते. पाण्याखाली ऑक्सिजन फार कमी पोहोचत असल्याने लाकूड सहजासहजी कुजत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात उघडे पडून तेवढेच ते थोडे झिजते.

एका जागी ओळीने लावलेले दगड दिसले. शेताचा बांध असावा अशी ती ओळ उताराला आडवी जात होती आणि पुढे पाण्यात शिरत होती. मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांच्या वडिलांचे भात याच अंगाला पिकत होते, नेमका बांध कोणता ते आता कोणी दाखवू शकत नाही. आबा त्या ओळीपाशी थांबले. एक दगड पायाने हलतो का ते त्यांनी बघितले. "पक्का घातलाय," ते म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या उसाला पाणी मिळावे म्हणून कोणाचे तरी भाताचे रान पाण्याखाली गेले, ही गोष्ट भोगावतीच्या काठच्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि त्या बांधावर उभे राहून त्याच घरातल्या पोराने आपल्याला पाण्याची बाटली देणे वेगळे. पाणी भरलेले असते तर ती दगडांची ओळ आम्हांला दिसली नसती आणि हा विषयही निघाला नसता.

बऱ्याच धरणांच्या काठी पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या या जमिनीत गाळपेर करतात. गाळ कसदार असतो, ओल टिकून असते, त्यामुळे वेलवर्गीय भाज्या किंवा एखादे कडधान्य पावसाळ्याआधी निघून येते. आमच्या समोरच्या उतारावर कोणी काही पेरलेले नव्हते. मुलाने कारण सांगितले ते एका शब्दाचे होते: "गवं."

गवा या भागात पाहुणा नाही, मालकच आहे. दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी म्हणून १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य या नावाने ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत पसरले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास, कोयना आणि चांदोली यांच्याबरोबर हेही होते. संध्याकाळी सोप्यातून पलीकडच्या काठावर आम्हांला गव्यांचा कळप पाण्यावर उतरलेला दिसला. दुर्बीण हॉटेलनेच ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. टनाच्या घरात वजन असणारा तो काळाभोर नर आणि त्याचे गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय दुर्बिणीतून इतके स्वच्छ दिसत होते की त्याच्या पाठीवर बसलेला बगळाही मोजता आला. इतर पाहुणे खूश झाले. आबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, नीट पाहिले आणि परत देताना म्हणाले, "गेल्या साली आमच्या कोपऱ्यातला ऊस ह्यांनीच लोळवला." अलीकडे गवे शेतांत, वस्त्यांत, अगदी कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येतात, त्यामुळे ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. तरी पण दुसऱ्यांदा दुर्बीण त्यांनीच मागून घेतली.

जेवणाविषयी थोडक्यात. डोंगरातल्या हॉटेलांच्या खाद्ययादीत 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा जो लालभडक प्रकार असतो त्याचा कोल्हापूरशी काहीही संबंध नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच हॉटेलात तो ठेवणे म्हणजे जरा जास्तच झाले. आबांनी तो वाडगा बाजूला सारून स्वयंपाकघरात कोण आहे याची चौकशी केली. तेथल्या मावशींनी मग नाचणीची भाकरी, तलावातल्या माशाचे कालवण आणि करवंदाचे लोणचे पाठवून दिले. हे यादीत का नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की हे कोणी मागत नाही.

आता काजव्यांविषयी, कारण त्यांच्यासाठीच तर तो हंगाम निवडला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत या जंगलात काजव्यांचे दिवस असतात. वर्षातला बहुतेक काळ ते अळीच्या रूपात ओल्या पाचोळ्याखाली गोगलगायी खाऊन काढतात आणि पंख फुटल्यावर त्यांना मिळतात ते मोजके दिवस. त्या दिवसांत नर आपल्या पोटाखालच्या प्रकाशाने मादीला खूण करतो, आणि मादीने उत्तर दिले तरच पुढे काही घडते. म्हणजे आपण ज्याला रोषणाई म्हणतो ती त्यांची निकडीची बोलणी असतात. त्या बोलण्यात दुसरा प्रकाश मिसळला की उत्तर दिसत नाही.

हॉटेलच्या बागेत झाडाझाडांवर दिव्यांच्या माळा होत्या, पायवाटेवर दर चार पावलांवर एक दिवा होता, आणि पाण्याकडे तोंड करून एक मोठा झोत होता, जो त्या वेळी सगळा प्रकाश तांबड्या चिखलावर ओतत होता. माझ्या नवऱ्याने व्यवस्थापकाला दिवे घालवायची विनंती केली. त्याने सुरक्षिततेचे कारण सांगितले, ते अगदीच खोटे नव्हते, कारण अंगणात बिबट्या येऊन गेल्याचे त्या मुलाने दुपारीच सांगितले होते. मग काही पाहुण्यांनी नाचाचा कार्यक्रम आहे का, असे विचारले. एकूण प्रकरण हातचे जाणार असे वाटत असतानाच वीज गेली. हा आमच्या महावितरणाचा उन्हाळ्यातला नित्यनेम समजावा. जनरेटर सुरू करायला माणूस निघाला आणि आबांनी त्याला हाताने थांबवले. "राहू दे की जरा. उकडत न्हाई काय न्हाई."

डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसले नाही. मग कुंपणापलीकडच्या हिरड्याच्या झाडावर खालच्या फांदीला काही ठिपके लुकलुकले, विझले, पुन्हा लुकलुकले. हळूहळू लक्षात आले की ते सुटे सुटे नाहीत. एका फांदीवर सुरू झालेली उघडझाप शेजारच्या फांदीवर जाते, तेथून वर चढते, शेंड्याला पोहोचते, आणि सगळे झाड क्षणभर काळे होऊन पुन्हा खालून सुरू होते. शेजारच्या आंब्यावर मात्र एकही नव्हता. झाडांची निवड ते कशी करतात हे त्यांचे त्यांना माहीत. एक काजवा चुकून आमच्या सोप्यात आला आणि आबांच्या धोतराच्या निऱ्यांवर बसला. त्याचा प्रकाश हिरवट पिवळा होता आणि त्यात उष्णता नसते, हे बोट जवळ नेऊन बघता आले. आबा हलले नाहीत. तो आपणहून उडेपर्यंत त्यांनी पायही बदलला नाही. त्यानंतर जनरेटर सुरू झालाच, कारण शीतकपाटातले दूध फाटण्याचा प्रश्न होता, आणि तोही प्रश्न खराच होता.

रात्री झोप लागेपर्यंत मी एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करीत होते. त्या रस्त्याला आमच्या हॉटेलाशिवाय आणखीही काही बांधकामे चाललेली दिसली होती. जागतिक वारशाचे जंगल, काजवे, गवे, भरलेले तळे, एवढे सगळे एका ठिकाणी असल्यावर हॉटेले येणार आणि त्या मुलासारख्यांना मुंबईला न जाता गावातच पगार मिळणार, हे चांगलेच आहे. पण खोलीतल्या न्हाणीघरातून जे पाणी गेले ते कोठे गेले, हा प्रश्न खालच्या अंगाला राहणाऱ्या बाईला पडायलाच हवा. सकाळी मी व्यवस्थापकाला विचारले, आणि त्याने जराही न रागावता मला मागच्या बाजूचा शोषखड्डा आणि सांडपाण्याचे टाके नेऊन दाखवले. ते उताराच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून बऱ्यापैकी दूर होते. सगळेच असे करीत असतील अशी खात्री त्याच्या बोलण्यात नव्हती. तळ्याकाठी खोली घेताना आपण उशा, गिझर, वायफाय विचारतो, त्यांच्या जोडीला हाही एक प्रश्न पाहुण्यांनी विचारायला सुरुवात केली तर टाकी आपोआप बांधली जातील, असे मला वाटते. पाहुण्यांच्या प्रश्नांना हॉटेले जेवढी घाबरतात तेवढी नियमांना घाबरत नाहीत.

पावसाळ्यातले तळे मी वाईट म्हणत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. या घाटमाथ्यावर तो त्याच्या कित्येक पटींनी कोसळतो. जुलैत त्या सोप्यातून जलाशय दिसत असेल तर तो धुके फाटेल तेवढाच, आणि बाकीचा वेळ कौलांवरचा आवाज ऐकत भजी खायची. जूनच्या मध्यापासून अभयारण्यही पाहुण्यांना बंद होते. तरीही लोक भरलेल्या तळ्यासाठी त्याच दिवसांत जातात आणि जावे. फक्त ज्या रात्री वरच्या खोलीत ते 'काय मस्त भरलंय' असे म्हणत असतील, त्याच रात्री खाली पंचगंगेकाठच्या आंबेवाडी-चिखलीची माणसे जनावरे सोडून ठेवायची की नाही याचा विचार करीत जागी असतात, हे एवढे त्यांना माहीत असावे. २०१९ च्या ऑगस्टात महामार्गच पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा जगाशी संबंध तुटला होता, तेव्हा आम्ही भरलेल्या राधानगरीचे छायाचित्र भिंतीवर लावायच्या मनःस्थितीत नव्हतो.

निघताना वाटेत जलाशयातला बेनझीर व्हिला बघायला थांबलो. शाहू महाराजांनी पाण्यातल्या टेकाडावर बांधलेली ही वास्तू पाणी भरले की चहूबाजूंनी वेढली जाते. आता तिची पडझड झाली आहे. राजाने तळ्याकाठी विसाव्यासाठी घर बांधले ते असे, तळ्याच्या आत. रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस पुढे १९८७ मध्ये हॉटेल झाला आणि नंतर तेही बंद पडले, तेव्हा तळ्याकाठच्या वास्तूंचे नशीब आमच्याकडे फारसे बरे नाही असे नवरा म्हणाला. आबांचे लक्ष त्या वास्तूकडे नव्हतेच. तेथून भिंत नीट दिसत होती आणि ते पाणी किती खाली आहे ते बघत होते. पाऊस वेळेवर आला तर आणखी एक पाळी सहज निघेल, लांबला तर उपसाबंदी पुन्हा लागेल, असा त्यांचा अंदाज झाला.

परतीच्या वाटेवर हळदीच्या अलीकडे त्यांनी गाडी नदीकडे घ्यायला लावली. बंधाऱ्यामागे पाणी चांगले तुंबलेले होते, पण दोन खांबांच्या मधून, बरगे नीट बसले नव्हते तेथून, एक जाड धार खाली पडत होती. काठावर मोटारींच्या टपऱ्या ओळीने घरघरत होत्या. आबा खाली उतरले, धोतर वर खोचून अगदी कडेपर्यंत गेले, त्या धारेकडे कमरेवर हात ठेवून पाहिले आणि तेथूनच संस्थेच्या पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावला. "अरं, मी काल वर धरणावर जाऊन आलोय. पाणी हाय, पर लई न्हाई. रविवारच्या पाळीला आपलं नाव पहिलं लाव, आणि हितं तिसऱ्या गाळ्याला गळती लागलीया, तेवढं बरगं बसवून घ्या आधी."